गोत्र काय सांगायचं

मीरा रोड (पूर्व),
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय ममू,

तुझं पत्र आणि घराचे फोटो पोचून बरेच दिवस झाले. मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा 'मिळालं गं, छान आहे' एवढंच मी ओरडून सांगितलं आणि रिसीव्हर पप्पांकडे दिला, ते तुला खटकलं असणार. पण पप्पा माझ्या खांद्याशी उभे होते आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. आज ते भाईंदरला पेन्शनर मंडळींच्या सभेला गेलेत. तिथे भाषणं लांबतात आणि नंतर बटाटेवडा असतो, म्हणजे मला चांगला वेळ मिळाला. दार लावून घेतलंय आणि लिहायला बसलेय.

घर फार देखणं आहे. फोटो मी सगळ्या बिल्डिंगला दाखवले, ज्यांनी मागितले नाहीत त्यांनाही. तुझ्या स्वयंपाकघरात आपला अख्खा हॉल मावेल आणि वर पाहुणे बसतील. मागच्या अंगणातलं झाड कशाचं आहे ते कळव. पप्पांचं म्हणणं सफरचंदाचं, माझं म्हणणं नुसतंच झाड. तू आणि समाधानराव पायरीवर बसलायत तो फोटो पप्पांनी पाकिटात ठेवलाय आणि भाजीवाल्यालाही दाखवलाय. टेलिफोन खात्यात जन्मभर खांबांवर चढलेल्या माणसाची मुलगी अमेरिकेत नर्स होते, नवरा-बायको मिळून तिथे घर घेतात, याचं मला काय वाटतं ते लिहायला लागले तर कागद पुरायचा नाही आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

मुख्य गोष्ट तू ता. क. करून लिहिलीस. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आणि सत्यनारायण करायचा, तिथल्या मराठी मंडळातली सगळी माणसं येणार, समाधानरावांचे आईवडील हयात नाहीत म्हणून पूजेला 'तुम्ही दोघांनी', म्हणजे पप्पांनी आणि मी, तिकडे येऊन बसायचं. गुरुजी संकल्प सांगताना गोत्र विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ठेवा, नाहीतर माहीत नसलेले काश्यप सांगतात म्हणे. आणि येताना पळी-पंचपात्र, ताम्हण आणा, तिथे चांगलं मिळत नाही. ममू, विसरलेलं काहीतरी शेवटी आठवावं तसं तू ते लिहिलंयस, पण मी तुझी आई आहे. पहिल्या ओळीपासून तुझ्या डोक्यात तेच होतं. फोटो आधी, अभिमान आधी, आणि सगळं गोड झाल्यावर मग हे. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवतानाही तू आधी मला चहा करून द्यायचीस.

उत्तर देण्याआधी मला थोडं मागचं बोलू दे. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण तू ते सतरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी पाहिलंयस आणि तिथेच सोडून गेलीस. मी इथेच राहिले, म्हणून मला पुढचंही दिसलं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा पेणकरपाड्याच्या बाजूला चिखल, मिठागरांकडून येणारा खारा वारा आणि मधेमधे उभ्या राहिलेल्या चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगा, एवढंच होतं. सामान अजून जिन्यातच होतं आणि राई गावाहून केसरबाई कोळीण म्हावऱ्याची टोपली घेऊन वर आली. तिने दारातच विचारलं, 'तुमी कोन लोकं गो बाय?' मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. ती म्हणाली, 'मंग म्हावरा खाता नं? खात न्हाय त्यांच्याशी माझा काय काम न्हाय,' आणि टोपली उतरवली. झाली ओळख. बिल्डिंगमध्ये मात्र कोणी असं विचारलं नाही. तिथे विचारायची रीत वेगळी. गाव कुठलं? परभणीकडचं. अच्छा, म्हणजे देशावरचे जाधव. तिकडे आमच्या ओळखीचे एक जाधव आहेत, शेती आहे मोठी, तुमचे कोणी? आपण 'नाही' म्हणालो की 'लांबचे असतील' असं तेच ठरवून टाकायचे. आपण खोटं बोललो नाही. त्यांनी आपल्याला स्वतःच्या सोयीचे जाधव करून घेतलं आणि ते वर्ष किती छान गेलं तुला आठवतंय. हळदीकुंकवाची बोलावणी, वाटीतून भाजीची देवघेव, वरच्या मजल्यावरची मानसी आणि तू एका गादीवर बसून अकरावीचा अभ्यास करत होतात.

मग पहिला चौदा एप्रिल आला. पप्पांनी हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, हार घातला, दार सताड उघडं ठेवलं आणि प्रत्येक घरी जिलेबी पाठवली. भांडण कोणी केलं नाही गं. लोक सुशिक्षित आहेत आपल्याकडचे. जिलेबी घेतली, 'थँक यू' म्हणाले. फक्त वाटी परत येईनाशी झाली. हळदीकुंकू व्हायचं ते आम्हाला खालच्या मजल्यावरच्या हसण्यावरून कळायचं. मानसीला अचानक क्लास लागले. त्या उन्हाळ्यात एकदा तू रडत पप्पांना म्हणालीस, फोटो आतल्या खोलीत लावला असता तर काय बिघडलं असतं, नमस्कार तर तिथूनही पोचतो. पप्पा फोटोचा हार सरळ करत राहिले. मी तुझ्यावर ओरडले, पण तुझं म्हणणं मला कळत होतं. तुझी मैत्रीण गेली होती. सतराव्या वर्षी मैत्रीण जाणं म्हणजे काय, हे मोठ्या गोष्टींसाठी लढणाऱ्या माणसांच्या लक्षात राहत नाही.

पुढचं तू अर्धवट पाहिलंस, कारण तू नर्सिंगच्या होस्टेलला गेलीस. नळाला पाणी नव्हतंच, टँकर यायचा, तोही त्याची लहर फिरेल तेव्हा. पाइप धरून प्रत्येकाच्या बादल्या-पिंपं भरून द्यायचं काम कोणाला नको होतं, म्हणून ते पप्पांच्या गळ्यात पडलं आणि गळ्यातच राहिलं. ज्या बायका आपल्याकडे आल्या तर पेला हातात धरून ओठाला न लावता खाली ठेवायच्या, त्याच बादल्या घेऊन पप्पांच्या पाइपखाली उभ्या. पप्पा घरात येऊन मला सांगायचे, 'यांच्या लक्षातही येत नाहीये, सगळी बिल्डिंग माझ्या हातचं पितेय.' आणि पोट धरून हसायचे. मला हसू यायचं नाही. पण तसं करत करत वर्षं गेली. दुसऱ्या मजल्यावरचे शशिकांतराव, दादरहून आलेले, बँकेतले, ते दुसऱ्याच वर्षी चौदा एप्रिलला स्वतःहून आले, जिलेबी मागून खाल्ली आणि तेव्हापासून रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला पप्पांकडे येतात. दोघं एकमेकांची चूक काढल्याशिवाय चहा पीत नाहीत. आता वाट्याही येतात-जातात, सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच. हे फोटो लपवून झालं नाही, ममू. फार हळू झालं, आणि त्याची किंमत तू भरलीस, हेही मला मान्य आहे.

आता तुझ्या पत्रांबद्दल. क्लीव्हलँडहून पहिल्या वर्षी तू जी पत्रं पाठवलीस ती आम्ही पोथीसारखी वाचायचो. मी मोठ्याने वाचायची आणि पप्पा डोळे मिटून ऐकायचे. हंगेरी मी शाळेत भूगोलात शिकवली होती, राजधानी आणि नदी सांगून मोकळी झाले होते. तिथली माणसं पहिल्यांदा भेटली ती तुझ्या पत्रातून. तू जिच्या घरात वरची खोली घेतली होतीस ती म्हातारी इलोना, तिची ती कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेली भाताची आणि खिम्याची भानगड, आणि लालभडक मिरचीची पूड जी तिखटच लागत नाही. तू लिहिलं होतंस की त्या गल्लीत एके काळी सगळे हंगेरीचे लोक होते. दुकानांच्या पाट्या त्यांच्या, चर्च त्यांचं, बेकरी त्यांची. आता चर्चला कुलूप आहे, गल्लीत सगळी काळी माणसं राहतात आणि हंगेरीची म्हणावी अशी एकटी इलोना उरलीय. तिचा सासरा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे, एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच गादीवर आडवा. तेव्हा तिथले गोरे लोक यांनाही गलिच्छ म्हणायचे, नावं ठेवायचे. पप्पांनी डोळे उघडून विचारलं होतं, 'गोऱ्यांना गोरे?' त्यांना ते खरंच वाटेना.

आणि मग लोरेन. तुझ्याच वॉर्डातली, तुझ्याच हुद्द्यावरची. तुझ्या पहिल्या हिवाळ्यात तुझे कॅनव्हासचे बूट बघून तिने डोक्याला हात लावला आणि बहिणीचे बर्फातले बूट आणून दिले, रोज तुला गाडीतून नेलं. ती इलोनाच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहायची, भाड्याने. तिचा आजोबा दक्षिणेतून, कापसाच्या शेतातून आलेला, त्याच कारखान्यात, त्याच भट्टीवर. दोघांनी एकच धूर खाल्ला. इलोनाचा एक मुलगा आज वकील, एक दातांचा डॉक्टर, दोघंही शहराबाहेरच्या हिरव्यागार वस्तीत, आणि लोरेनची आई अजून त्याच गल्लीत घरमालकाकडे गळक्या छपराची तक्रार करतेय. तू दोघींनाही विचारलं होतंस, असं का? इलोना म्हणाली, आम्ही कष्ट केले. लोरेनला ते सांगितलंस तर ती हसली आणि म्हणाली, माझा आजोबा काय भट्टीपाशी शेकायला बसला होता? मग तिने तुला सांगितलं की आजोबांकडे नोकरी होती, पगार होता, घर घ्यायची हिंमत होती. पण चांगल्या वस्तीत काळ्यांना घर विकायचं नाही असं ठरलेलं, आणि ज्या वस्तीत ते राहत होते ती बँकेने नकाशावर लाल करून ठेवलेली, तिथे कर्ज नाही. इलोनाच्या नवऱ्याला कर्ज मिळालं, त्या घराच्या पैशातून मुलं शिकली, मुलांनी पुढची घरं घेतली.  हे वाचून झाल्यावर पप्पा म्हणाले, परत वाच. तुझं ते पत्र मी त्यांना किती वेळा वाचून दाखवलं असेल कोणास ठाऊक. त्यांनी ते शशिकांतरावांनाही ऐकवलं आणि त्या दिवशी शब्दकोडं तसंच राहिलं.

त्यातली एक गोष्ट मला फार लागली होती. इलोनाच्या नवऱ्याचं मूळ आडनाव कोवाच. कोवाच म्हणजे लोहार, असं तू लिहिलंस, तर पप्पा खूश होऊन म्हणाले, म्हणजे तिथेही आडनावात धंदा आहे! पण ऑफिसातली नोकरी मिळवायला निघाल्यावर त्याने कोवाच टाकून स्मिथ लावलं. अर्थ तोच, नाव गोऱ्यांचं. एका पिढीत हंगेरी पुसली गेली. पोरं स्मिथ म्हणून शाळेत गेली, स्मिथ म्हणून वकील झाली, कोणी त्यांना 'कुठले स्मिथ' म्हणून विचारलं नाही. लोरेनच्या आजोबाने स्मिथच काय, राजाचं नाव लावलं असतं तरी काय उपयोग होता? तो दारात उभा राहिला की विचारण्याआधीच उत्तर दिसत होतं. आणि आपण, ममू, आपण दोघांच्या मधे कुठेतरी. आपल्याला नाव लपवता येतं, कातडीवरून कोणी ओळखत नाही. फक्त गप्प बसायचं. जाधव असो की मोरे, समोरचा हवा तो अर्थ घेतो. मला त्या वेळी हे आपलं नशीब वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, कारण गप्प बसणं एकदा जमलं की ते रोज करावं लागतं, आणि मुलंबाळं झाली की त्यांनाही शिकवावं लागतं.

लग्नानंतर तुझी पत्रं बदलली. वाईट झाली असं नाही, आखूड आणि आनंदी झाली. मंडळाची कोजागिरी, मंडळाचा गणपती, कंपनीत इंजिनियर असलेले आणि शनिवार-रविवार गुरुजी होणारे ते सद्गृहस्थ. 'आई, इथे कोणी काही विचारत नाही, आम्ही फक्त मराठी आहोत' असं तू लिहिलंस तेव्हा मी खरंच सुखावले. पण लोरेनचं नाव तुझ्या पत्रांतून कधी गेलं, ते कळलं नाही. परत आलं ते या घराच्या बातमीत, तेही एका ओळीत. हेच घर आधी लोरेन आणि तिचा नवरा बघायला गेले होते, तेव्हा दलालाने ते विकलं गेलंय म्हणून सांगितलं. नंतर तुम्ही गेलात तर घर मोकळं होतं. 'आमचं नशीब' असं तू लिहिलंयस. ममू, तुला स्वतःला ते वाचून काही वाटलं नाही? लोरेनसाठी विकलं गेलेलं घर तुझ्यासाठी परत कसं आलं? दलालाने तुला बघून म्हटलं ना, की तुमची इंडियन माणसं चांगली असतात, घर नीट ठेवतात. आपण इथे आलो तेव्हा बिल्डर असंच म्हणाला होता पप्पांना. 'बरं झालं जाधवसाहेब, आपली चांगली लोकं आली पाहिजेत, नाहीतर हल्ली कोणीपण येतं.' तो 'कोणीपण' समोर खुर्चीवर बसून चहा पीत होता.

मी घर सोड म्हणत नाहीये. अजिबात सोडू नकोस. उघडलेल्या दारातून आत जावं म्हणूनच तर तुला शिकवलं. आणि त्या दलालाचं पाप तुझ्या माथी मारण्याइतकी मी दुष्ट नाही. पण त्या घराच्या पहिल्या समारंभाला लोरेन येणार का, हे तू लिहिलं नाहीस. बहुतेक बोलावलंच नसेल. ती आली तर मंडळातली माणसं मनातल्या मनात हिशेब मांडतील, आणि एकदा हिशेब सुरू झाला की तो तुझ्यापर्यंतही येईल, ही भीती तुला आहे. मला ती भीती ओळखू येते. मी तिच्यासोबत संसार केलाय.

पूजेचं म्हणशील तर मला पूजेचा राग नाही. शशिकांतरावांकडे मी सत्यनारायणाचा शिरा दोन वेळा मागून घेते. त्यांचा देव त्यांच्या घरी, सुखी राहो. तुला मनापासून पूजा करावीशी वाटली असती, तर मी भांडले असते, रुसले असते आणि शेवटी मुलीचं घर म्हणून गप्प बसले असते. पण तुला पूजा नकोच आहे. तुला पूजेला बसलेले आईवडील हवेत, चार लोकांना दाखवायला. आम्ही नुसते आलो तर भागत नाही, गोत्रासकट यायला हवं. हे मी तोंडावर लिहितेय म्हणून रागावू नकोस. तुझ्यावर रागावले असते तर हे पत्र लिहिलंच नसतं, फोनवरच दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

लिहावं लागलं ते पप्पांमुळे. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ता. क. गाळून वाचलं, पण नंतर त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तुला ठाऊक आहे ते कोण आहेत. आपल्या वडिलांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला माणूस, ब्राह्मणाच्या हातून कुठलंही क्रियाकर्म करून घेणार नाही ही शपथ ज्याने एकोणिसाव्या वर्षी उभं राहून घेतली आणि आईच्या मरणातसुद्धा मोडली नाही. नातेवाईक चिडले, गावाने बोलणं टाकलं, तरी नाही मोडली. तो माणूस पत्राची घडी घालून एवढंच म्हणाला, 'पोरीचं घर आहे. तिच्या मनासारखं होऊ दे.' मला वाटलं, बोलून गेले, येईल राग हळूहळू. राग आलाच नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी बाजारातून लवकर परतले, दार नुसतं लोटलेलं होतं. आत पप्पा जमिनीवर पाट घेऊन बसले होते, समोर शशिकांतरावांच्या घरची पळी आणि भांडं, आणि शशिकांतराव त्यांना आचमन कसं करायचं ते शिकवत होते. तळहाताची खोलगट वाटी कशी करायची, कुठलं बोट दुमडायचं, पाणी किती घ्यायचं. केशवाय नमः म्हणून झालं, नारायणाय नमः झालं, आणि पुढचं नाव त्यांना आठवेना. खात्यातल्या प्रत्येक खांबाचा नंबर पाठ असलेला हा माणूस, तिसऱ्या नावाला अडकून बसला होता, आणि तळहातातलं पाणी गळून पाटावर पडत होतं. शशिकांतराव बिचारे अवघडून गेले होते. 'बापूराव, कशाला करताय हे, राहू द्या,' असं ते म्हणत होते, आणि पप्पा म्हणत होते, 'नाही, परत सांगा. तिकडे चुकलो तर चारचौघांत पोरीची मान खाली जाईल.' लहानपणी गावच्या देवळाच्या पायरीखाली उभं करून यांच्या याच तळहातावर पुजारी वरून तीर्थ टाकायचे, पळी हाताला लागू नये म्हणून, आणि अर्धं खाली सांडायचं. हे त्यांनी मला लग्न झाल्यावर एकदाच सांगितलंय. मी पिशवी तशीच हातात घेऊन परत जिना उतरले आणि खाली जाऊन उभी राहिले. तेव्हापासून रोज शब्दकोडं झालं की शिकवणी चालू आहे. त्यांना वाटतं, मला यातलं काही माहीत नाही.

मी त्यांना थांबवू शकत नाही, ममू. मी काही बोलले तर ते म्हणतील, एकदा फोटो लावताना पोरीचा विचार केला नाही, आता करतोय. त्यांना वाटतंय ते तुझी तेव्हाची मैत्रीण तुला परत देतायत. त्यांना फक्त तू थांबवू शकतेस, आणि तेही असं, की मी काही सांगितलंय हे त्यांना कळता कामा नये. आम्ही येतो, तू काढलेली तिकिटं रद्द करू नकोस. पायरीवर बसतो, झाड कशाचं ते बघतो, लोरेनला मी माझ्या हातची पुरणपोळी करून घालते. पण पूजा ठेवलीस तर मी बसणार नाही. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात म्हणे, तर ठेव सुपारी. ते मात्र बसतील, न चुकता सगळी नावं म्हणतील आणि परत आल्यावर मला काही बोलणार नाहीत, आणि ते मला बघायचं नाही. म्हणून हे पत्र मिळाल्याच्या पुढच्या रविवारी सकाळी फोन कर, तुझ्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असेल. 'पूजा करायची नाही असं आम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवलं,' एवढंच सांग. कारण काहीही सांग. मी फोन उचलणार नाही, त्यांनाच उचलू देईन.

तुझीच,
आई